अमर टिटवी

“दोष खेळाचा, की माझा?”

बुवांनी चिंचेचं बोटुक सोललं, आतला चिंचोका अंगठ्याने बाहेर ढकलला आणि टोपलीत टाकला. मग दुसरं बोटुक उचललं.

“बुवा, मी विचारलं…”

“ऐकलं.”

तिसरं बोटुक.

सकाळचं ऊन मठाच्या ओसरीवर आलं होतं. फाल्गुन लागला की प्रवरेकाठच्या या मठात चिंचा फोडायचं काम निघायचं, आणि जो येईल त्याच्या पुढ्यात ढीग सरकवला जायचा. मग तो मोक्षाचा मार्ग विचारायला आलेला असो, की नुसता घोटभर पाणी प्यायला. हाताला काम मिळालं की निम्मे प्रश्न आल्या वाटेने परत जातात, असं बुवांचं म्हणणं असावं. असावं म्हणायचं, कारण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

प्राध्यापक मोरेश्वर टिपणीसांच्या पुढ्यातही ढीग होता, पण त्यांनी त्याला हात लावला नव्हता. त्यांच्या एका हातात छापलेले कागद होते, दुसऱ्या हातात टॅब्लेट, आणि दोन्ही हात थोडे थोडे कापत होते. तसे ते नेहमीच कापत. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं होतं. टिपणीसांना आणखी चार कारणं सुचली होती, आणि त्यातलं एकही चांगलं नव्हतं.

संगमनेरला राहणारा हा माणूस जन्मभर सौंदर्यशास्त्र शिकवून निवृत्त झाला होता. नाटकं, चित्रं, कादंबऱ्या, सगळ्यांची परीक्षणं त्याने लिहिली. मग एका व्याख्यानात बोलता बोलता तो म्हणून गेला, की व्हिडिओ गेम हीसुद्धा कलाच आहे आणि तिला गंभीर समीक्षक मिळायला हवा. समोर मोहरीर नावाचा एका मासिकाचा संपादक बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “सर, मग तुम्हीच लिहा.”

बोलून बसलेला माणूस नाही कसं म्हणणार?

सुरुवातीला पोरं हसली. म्हाताऱ्याच्या हाती गेम म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, म्हणाली. मग हळूहळू वाचू लागली. कारण टिपणीस कुठलाही खेळ अर्ध्यावर सोडत नसत. पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत सगळा पाहत, आणि मगच लेखणी उचलत. एवढ्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता. दुसऱ्या कशाचा अभिमान धरायची त्यांना भीतीच वाटे.

आणि प्रत्येक परीक्षण छापायला जाण्याआधी ते मठात येऊन बुवांना वाचून दाखवत. बुवा ऐकून “बरं” म्हणत. तेवढं ऐकलं की टिपणीसांना झोप लागे.

बुवांकडे ते प्रथम आले ते पत्नी गेल्यावर, कुमुदताई गेल्यावर. तेव्हा भुईमुगाच्या शेंगा फोडायचे दिवस होते. टिपणीसांनी आत्म्याविषयी विचारलं होतं. बुवांनी विचारलं होतं, “दाणे भाजके आवडतात, की कच्चे?”

तरीही ते येत राहिले. का, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

आज मात्र “बरं” आलं नव्हतं. परीक्षण वाचून झालं होतं, आणि बुवा चिंचा फोडत बसले होते.

“परवाच पाठवून दिलं मी ते,” टिपणीस म्हणाले. “पानावर लागलंसुद्धा. बारा वाजता पानं छापखान्यात जातात. मग सकाळी मोहरीरला फोन केला, म्हटलं, थांबा जरा, बुवांशी बोलून सांगतो. तो वैतागला असणार. कोणीही वैतागेल.”

“अडलंय कुठं?”

“एका वाक्यात.” त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “‘हा खेळ देखणा आहे, पण निर्जीव आहे.’ हे वाक्य.”

“मग?”

“मागच्या महिन्यातला खेळही मला निर्जीव वाटला होता, बुवा. त्याच्या आधीचाही. शब्द बदलले मी, पण म्हणणं तेच. म्हणजे एक तर सगळे खेळ निर्जीव आहेत… नाहीतर मग…”

ते थांबले. बुवांनी वाक्य पुरं करायला मदत केली नाही.

“कुमुद गेल्यापासून मला गाणं ऐकून काही होत नाही,” टिपणीस हळूच म्हणाले. “मला वाटायचं, निदान डोकं तरी शाबूत आहे. पण काहीच न वाटणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या कामाला निर्जीव म्हणावं का? ही मुलगी एकटीने राबली आहे त्यावर.”

मुलगी म्हणजे उरणची समिधा गावंड. भातगिरणीवरच्या एका खोलीत बसून तिने काही वर्षं हा खेळ रचला होता. चित्रं तिची, आवाज तिचे, सगळं तिचं. खेळाचं नाव ‘टिटवी’. परदेशातली एक कंपनी तो जगभर पोचवायला तयार झाली होती, पण आधी जाणकार काय म्हणतात ते दाखवा, अशी त्या कंपनीची अट होती. जाणकार म्हणजे तूर्त टिपणीस. पहिलं परीक्षण त्यांचंच होतं, आणि बहुधा शेवटचंही.

“ती आठवड्यातून एकदा विचारते, ‘सर, पाहिलात का?’ दुसरं काही नाही. ‘आवडला का’ असं विचारत नाही. ‘पाहिलात का’ एवढंच.” टिपणीसांनी चष्मा पुसला. “खोटं कौतुक मी लिहिणार नाही. पण खरं काय आहे, हेच कळेनासं झालंय.”

आतून अनसूयाताई चहा घेऊन आल्या. मठाचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं, आणि ओसरीवरही त्यांची सत्ता थोडीफार चालत असे.

“प्रोफेसर, चिंचा फोडायच्या नसतील तर निदान ढिगावर पाय तरी देऊ नका.”

टिपणीसांनी पाय आखडून घेतले.

“दाखवा,” बुवा म्हणाले.

“काय?”

“टिटवी.”

टिपणीसांनी टॅब्लेट सुरू केला, चिंचांच्या ढिगाला टेकवून उभा केला, आणि जरा वेळ ते सगळं विसरले. शिकवायची संधी मिळाली की ते असेच विसरत.

“हा जुन्या पद्धतीचा खेळ आहे, बुवा. पूर्वी एस. टी. स्टँडजवळ व्हिडिओ गेम पार्लर असायचे, त्यात नाणं टाकून खेळायचे ना, त्या घराण्यातला. समुद्र उजवीकडून डावीकडे आपोआप सरकत राहतो. थांबत नाही. आपण टिटवी. डाव्या अंगठ्याने तिला वरखाली, मागेपुढे न्यायचं, उजव्याने चोचीतले खडे मारायचे. समोरून येतात ते शत्रू. हे उडते मासे. हे खेकडे. ही तोफा लादलेली गलबतं. रंग पाहा. पाण्याचा हा हिरवा मी दुसऱ्या कुठल्याच खेळात पाहिलेला नाही.”

टिटवी उडू लागली. समुद्र सरकू लागला.

बुवा बघत होते. अनसूयाताईही कपबशी हातात धरून उभ्या राहिल्या.

“टिटवी लई भित्री जात,” त्या म्हणाल्या. “पाय वर करून निजती म्हणं. आभाळ पडलं तर झेलायला. तुमच्यासारखीच की हो, प्रोफेसर.”

टिपणीस हसले. बोलणं लागण्याइतकं खरं होतं, आणि न लागण्याइतकं मायेचं.

गलबतावरून तोफ सुटली.

“हिला लागलं,” बुवा म्हणाले.

“हं. त्याने काही होत नाही.”

मासा टिटवीच्या आरपार गेला.

“पुन्हा लागलं.”

“हो.”

“काही झालं नाही.”

“होणार नाही, बुवा. अमर केली आहे मी तिला.”

बुवांचा चिंच सोलणारा अंगठा थांबला.

“परीक्षकांसाठी सोय असते तशी,” टिपणीस समजावू लागले. “हा कोपऱ्यातला पिवळा ठिपका दिसतो ना, तो लावला की टिटवी मरत नाही. सगळेच गेम बनवणारे परीक्षकांना अशी प्रत देतात. नाहीतर महिन्याभरात खेळ पुरा पाहून होणार कसा? पहिल्याच टप्प्यात मरत बसलो, तर शेवटचा टप्पा बघणार कधी? आणि न बघता लिहिणं हा अन्याय. मी एकही खेळ अर्धा पाहून लिहिलेला नाही.”

“किती खेळ लिहिले असे?”

“सगळे.”

“हं…”

“मग ती दगडं कशाला मारती?” अनसूयाताईंनी विचारलं. “काही होतच न्हाई तर नुसतं उडत जायाचं की सरळ.”

टिपणीसांना हा मुद्दा ओळखीचा वाटला. त्यांनी कागद चाळला. “लिहिलंय मी ते. हे पाहा. ‘नेमबाजीमागे कसलीही निकड जाणवत नाही.’”

“बरोबरच लिवलंय,” अनसूयाताई म्हणाल्या.

 बुवांनी पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे बारीक खड्यांचं एक गोल रिंगण काढलेलं होतं.

“हे काय?”

“सजावट. टिटवी उघड्यावर खड्यांत अंडी घालते, त्याची आठवण म्हणून असेल. पण रिकामं आहे. सबंध खेळभर रिकामंच राहतं. मी त्यावर परिच्छेद लिहिला आहे. ‘पडद्याच्या सर्वांत मोक्याच्या जागी एक अर्थशून्य रिंगण…’”

“काढा ते.”

“रिंगण?”

“अमरपण.”

खेळातला समुद्र सरकत होता. आंधळ्या, न थांबणाऱ्या लाटा.

“बुवा, माझे हात बघा.” टिपणीसांनी ते पुढे केले. “बशीसुद्धा धड धरवत नाही. मी पहिल्याच लाटेत…”

“तुम्हांला कोण म्हणतंय? मला द्या.”

टिपणीसांनी पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ठिपका विझला. खेळ पहिल्यापासून सुरू झाला.

आणि वरच्या कोपऱ्यात, खड्यांच्या रिंगणात, तीन अंडी उगवली. मातकट, काळ्या ठिपक्यांची, मध्ये टोकं जुळवून ठेवलेली.

टिपणीस बघतच राहिले. या रिंगणाकडे ते महिनाभर बघत होते. त्याच्यावर परिच्छेद लिहिला होता. तो परिच्छेद वाईट नव्हता, हे जास्त वाईट होतं.

बुवांनी चिंचेचे हात पंच्याला पुसले आणि टॅब्लेट मांडीवर घेतला. अंगठे काचेवर असे टेकवले, जणू कणीक मळायची आहे. टिटवी उडाली, डुचमळली, आणि पहिल्याच माशावर जाऊन आदळली.

रिंगणातलं एक अंडं फुटलं. आवाज अगदी बारीक होता.

“आई गं,” बुवा म्हणाले.

दुसरी टिटवी निघाली. ती माशाखालून गेली, आणि पाण्यातच घुसली.

“बुवा, पोहायला निघाला का?” अनसूयाताई म्हणाल्या.

तिसरी टिटवी थोडी पुढे गेली. बुवांनी जीभ ओठांत धरली होती. समोर काही नव्हतं. ते निर्धास्त झाले, आणि मागून आलेल्या माशाने टिटवी नेली.

रिंगण रिकामं झालं. पडदा काळा झाला.

बुवांचं सगळं अंग हलू लागलं. टिपणीस घाबरून उठणार होते, तेवढ्यात त्यांना कळलं की बुवा हसताहेत. आवाज नाही, दात नाहीत, नुसतं पोट हलत होतं.

“आणा इकडं,” अनसूयाताईंनी पदराला हात पुसले. “तुमचं काम न्हाई ते.”

त्या जात्यावर बसावं तशा एक पाय पसरून बसल्या. पहिली टिटवी त्यांनी आवरेपर्यंत मेली. दुसरी बरीच लांब गेली. त्या खेळाशी मोठ्याने बोलत होत्या. “हो बाजूला. हो म्हणते ना. आता तू कुठनं आलास रे? थांब, तुझ्या तर…” मासे पडले, एक गलबत बुडालं, आणि मग पाण्यातून एक खेकडा नांग्या उगारून वर आला, त्याने टिटवी धरली. तिसरीलाही त्यानेच धरली.

“मठ नसता,” अनसूयाताई टॅब्लेट खाली ठेवत म्हणाल्या, “तर आमटीत घातला असता मेल्याला.”

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. चहा तिघांचाही निवला होता.

“आता तुम्ही,” बुवा म्हणाले.

टिपणीसांचा फोन वाजला. मोहरीर. त्यांनी फोन घ्यायला हात पुढे केला.

“वाजू द्या,” बुवा म्हणाले.

वाजून वाजून तो थांबला.

टिपणीसांनी टॅब्लेट घेतला. अंगठे ठेवले. त्यांचे हात कापत होते, म्हणून पडद्यावर टिटवीही कापत होती. अमर असतानाही ती कापतच असणार, पण तेव्हा त्यांचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. आरपार जाणाऱ्या गोष्टींकडे कोण लक्ष देतो?

पहिला मासा. ते त्याच्यावर आदळले.

अंडं फुटलं, आणि टिपणीसांना एकदम राग आला. माशाचा. मग त्या रागाचं आश्चर्य वाटलं, आणि त्या आश्चर्यात दुसरी टिटवीही गेली.

“विचार करू नका खेळताना,” अनसूयाताई म्हणाल्या. “पोळी करपती.”

तो डाव गेला. त्यांनी दुसरा मांडला. तोही गेला. तिसऱ्यात खेकड्यापर्यंत पोचले, आणि अनसूयाताई “वर, वर, वर घ्या” असं म्हणत असताना खाली गेले. चौथा की पाचवा डाव सुरू झाला तेव्हा ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं होतं. बुवांनी चिंचांचं काम सोडलेलं नव्हतं, पण दोनदा त्यांनी चिंच चिंचोक्यांच्या टोपलीत आणि चिंचोका टाकाऊ टरफलांत टाकला होता.

आणि या डावात खेकडा पडला.

“पडला,” टिपणीस पुटपुटले. जणू सांगितलं नाही तर खरं होणार नाही.

गलबतांच्या रांगेत एक अंडं गेलं. वटवाघळासारख्या काळ्या माशांनी दुसरं नेलं. रिंगणात एकच अंडं उरलं. ते आता रिंगणाच्या बरोबर मधोमध सरकलं होतं. टिपणीसांच्या समोरून गोळे येत होते, वरून येत होते, पाण्यातून येत होते. परीक्षणात त्यांनी याला ‘नुसती रोषणाई’ म्हटलं होतं. आता प्रत्येक गोळा त्यांना वेगळा दिसत होता. हा सावकाश येणारा. हा वळणारा. हा माझ्यासाठी नाही. हा माझ्याचसाठी.

  आणि मग…

सगळं थांबलं.

संगीत थांबलं. सतत सरकत आलेला समुद्र थांबला. खाली राखाडी पाणी, आणि मधोमध एक काळा खडक, पाण्याच्या वर जेमतेम डोकं काढलेला. टिटवी आपोआप त्याच्यावर उतरली. तिने पंख मिटले. एक पाय पोटाशी घेतला.

वारा वाहत होता, तेवढाच आवाज.

टिपणीसांना ही जागा माहीत होती. परीक्षणातला सगळ्यात कडक शेरा हिच्यावरच होता. ‘तिसऱ्या टप्प्याअखेरचा हा रिकामा पट्टा सर्वस्वी निरुद्देश असून तो गाळता आला असता.’ अमर टिटवी घेऊन ते इथे आले होते, तेव्हा टॅब्लेट बाजूला ठेवून पाणी प्यायला उठले होते.

आता ते उठले नाहीत.

अंगठे काचेवरून उचलून त्यांनी हात मांडीवर ठेवले. टिटवी खडकावर बसली होती. कोपऱ्यात एक अंडं होतं. कुणी कुणाला हात लावत नव्हतं.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दुपारी कुमुद अशीच बसली होती. घरी, झोपाळ्यावर, एक पाय वर घेऊन. महिनाभरात पुन्हा जावं लागणार होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती म्हणाली होती, “चहा टाकता का?” टिपणीसांनी टाकला होता. साखर जास्त पडली होती. त्यापुढचं सगळं त्यांनी पुष्कळदा आठवलं होतं. ही दुपार मात्र आजवर आठवली नव्हती. त्या दुपारी काही घडलंच नव्हतं, म्हणून असेल.

 नदीकडून वारा आला आणि ओसरीवरचे परीक्षणाचे कागद फडफडले. अनसूयाताईंनी मूठभर चिंचोके घेऊन कागदांवर ठेवले.

“इथून…” टिपणीसांनी खडकाकडे बोट दाखवलं. “इथून बोट लावल्याशिवाय पुढे जात नाही ती. बसून राहते.”

“बरं,” बुवा म्हणाले.

“किती वेळ बसता येतं, ते मी पाहिलं नव्हतं.”

“हं.”

“जावं का पुढे?”

“अंडी किती?”

“एक.”

“कुणाचं?”

टिपणीसांनी रिंगणाकडे पाहिलं. आणखी थोडा वेळ त्यांनी टिटवीला बसू दिलं. मग अंगठा काचेवर ठेवला.

टिटवी उडाली. समुद्र पुन्हा सरकू लागला. क्षितिजावर काहीतरी भलंमोठं काळं उठत होतं. देवमासा असणार. टिपणीसांनी त्याला ओळखलं, कारण अमर असताना ते त्याच्या पोटातून आरपार गेले होते. त्याने तोंड उघडलं. टिपणीसांनी एक खडा मारला, दुसरा मारला, टिटवी वर घेतली, आणि खरोखर सांगायचं तर खूप चांगली वर घेतली.

शेपटीचं त्यांना माहीत नव्हतं.

शेवटचं अंडं फुटलं.

पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत टिपणीसांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि दोन्ही बाजूंनी वाकलेले आणखी दोन चेहरे.

“गेली,” ते म्हणाले.

“गेली,” अनसूयाताई म्हणाल्या. मग जराशाने, “पण लई लांब आणली हो तुम्ही.”

टिपणीसांनी हात पाहिले. ते आधीपेक्षा जास्त कापत होते. पण आता त्याचं कारण त्यांना माहीत होतं, आणि ते वाईट नव्हतं.

 मग, इतक्या वेळात पहिल्यांदाच, त्यांनी ढिगातलं एक बोटुक उचललं. सोललं. चिंचोका निसटून अंगणात गेला. त्यांनी चिंच तोंडात टाकली, आणि डोळे गच्च मिटले.

“आंबट?” बुवांनी विचारलं.

टिपणीसांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चिंच खरंच आंबट होती.

“बुवा,” ते थोड्या वेळाने म्हणाले. “एक अडचण आहे.”

“असणारच,” अनसूयाताई म्हणाल्या.

“मला हा खेळ असा पुरा करता येणार नाही. या हातांनी नाही. देवमाशाच्या पुढे अजून दोन टप्पे आहेत. म्हणजे मी अर्धाच खेळ पाहिलेला माणूस झालो. आणि ज्याने सगळा पाहिला होता, त्याने…” त्यांनी कागदांवरच्या चिंचोक्यांकडे पाहिलं. “त्याने हे लिहिलं. मग लिहायचा अधिकार कुणाचा?”

बुवांनी नवं बोटुक घेतलं.

टिपणीस थांबले.  नेहमी ते अशा वेळी आणखी चार शंका काढत. आज त्यांनी टॅब्लेट पुढ्यात ओढला. काळ्या पडद्यावर बोट ठेवलं. खड्यांच्या रिंगणात तीन अंडी पुन्हा उगवली, मातकट, ठिपक्याठिपक्यांची, आणि टिटवी आपली पहिल्यासारखी उडाली.

“खाली घ्या,” अनसूयाताई म्हणाल्या. “मासा.”

“दिसला.”

“आता वर.”

“दिसतंय हो, ताई.”

फोन वाजला. टिपणीसांचे दोन्ही अंगठे अडकलेले होते. त्यांनी मानेनेच नको नको केलं, पण अनसूयाताईंनी तोवर चिंच लागलेल्या बोटानेच फोन घेतला होता. मोहरीरचा आवाज सगळ्या ओसरीला ऐकू आला.

“सर, बारा वाजत आले. पान कधीपासून थांबलंय. ‘देखणा पण निर्जीव’ तसंच जाऊ दे ना? की काही बदल आहे? सर? हॅलो?”

टिपणीसांनी तोंड उघडलं. समोरून खेकडा आला. त्यांनी तोंड मिटलं.

“सर, आहात ना?”

अनसूयाताईंनी फोनवर तळवा ठेवला आणि बुवांकडे पाहिलं. “हे काय बोलत्यात असं दिसत न्हाई. काय सांगू त्याला?”

टॅब्लेटमधून अंडं फुटल्याचा बारीक आवाज आला. बुवांनी चिंचोका टोपलीत टाकला.

“सांग, परीक्षक आत्ताच वारले. परीक्षण संध्याकाळपर्यंत पाठवतील.”